'फर्टिव्ह' या शब्दात दडलेला चोर

प्रश्न : मी हौशी अनुवादक आहे. सध्या एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करताना 'ही कास्ट अ फर्टिव्ह ग्लान्स ॲट द डोअर' हे वाक्य समोर आले. शब्दकोशात 'फर्टिव्ह'पुढे गुप्त, छुपा आणि चोरटा असे तीन प्रतिशब्द एका ओळीत दिले आहेत. त्यांतला पहिला घेऊन मी 'त्याने दाराकडे एक गुप्त कटाक्ष टाकला' असे लिहिले. वाचताना हे वाक्य खटकते, पण काय खटकते ते नेमके सांगता येत नाही. या शब्दाचा खरा अर्थ काय घ्यावा?

उत्तर : आपल्या कानाला जे खटकले ते बरोबर खटकले आहे, आणि त्या खटकण्याचा उलगडा झाला की शब्दाचा अर्थही हाती येतो. जी गोष्ट कुणाला दिसत नाही किंवा मोजक्याच लोकांना ठाऊक असते, तिला आपण गुप्त म्हणतो. दाराकडे टाकलेला हा कटाक्ष मात्र कथेच्या निवेदकाने पाहिला आहे, आणि पाहिला म्हणूनच तो वाक्यात आला आहे. जो दिसला तो गुप्त कसा राहील? 'फर्टिव्ह' हे विशेषण लपलेल्या गोष्टीला लागत नाही. लपवण्याची जी धडपड चालली आहे आणि ती करताना पकडले जाण्याची जी धास्ती माणसाच्या डोळ्यांत, मानेत आणि हातांत उतरली आहे, त्या धडपडीला आणि धास्तीला ते लागते. ती कुणाच्या तरी नजरेला पडल्याखेरीज हा शब्द वापरण्याची वेळच येत नाही.

शब्दाचे कूळ पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. लॅटिनमध्ये 'फूर' म्हणजे चोर, 'फुर्टुम' म्हणजे चोरी आणि 'फुर्टिवुस' म्हणजे चोरलेले. हा शब्द कायद्याच्या भाषेतही होता. रोमन कायद्यात चोरीच्या मालाला 'फुर्टिवा' हे विशेषण लावीत, आणि असा माल कितीही वर्षे ताब्यात राहिला तरी नुसत्या वहिवाटीने त्याची मालकी मिळत नसे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जे 'बारा तक्त्यांचे कायदे' लिहिले गेले, त्यांत चोरीचे दोन प्रकार केलेले होते : चोर चोरी करताना सापडला तर एक आणि तसा न सापडता पुढे दोषी ठरला तर दुसरा. दुसऱ्या प्रकारात त्याला वस्तूच्या किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी लागे. पहिल्या प्रकाराची शिक्षा आधी फटक्यांची आणि फार कठोर होती. पुढे ती चौपट रकमेवर आली. चोरी तीच, वस्तू तीच, पण त्या क्षणी कुणी पाहिले की नाही एवढ्यावर चोराचे सारे भवितव्य ठरत असे. 'फर्टिव्ह'चा आजचा अर्थ या कायद्यातून निघाला असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या माणसाला दुसऱ्याच्या नजरेची किती धास्ती असेल, हे या एका तरतुदीवरून चांगले कळते.

लॅटिनमध्येच या शब्दाचा अर्थ सरकत गेला. 'चोरलेले' यावरून 'चोरून केलेले' आणि त्यावरून 'चोरासारखे' असा तो प्रवास आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला कवी कातुल्लुस याने आपल्या एका कवितेत, रात्र निःशब्द असताना माणसांची चोरटी प्रेमे पाहणाऱ्या असंख्य ताऱ्यांचा उल्लेख केला आहे, आणि तिथे त्याने हेच विशेषण योजले आहे. मला ही ओळ फार बोलकी वाटते, कारण माणसांच्या नजरा चुकवल्या तरी पाहणारे कुणीतरी तिथे उरतेच. पुढे फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि सतराव्या शतकाच्या आरंभापासून तो तिथे नांदतो आहे.

मुळाशी आणखी एक पायरी खाली उतरता येते. 'फूर' हा शब्द भाषाशास्त्रज्ञ ज्या प्राचीन धातूशी जोडतात त्याचा अर्थ 'वाहून नेणे' असा आहे, आणि संस्कृतातला 'भृ' हा धातू त्याच घराण्यातला आहे. आपले 'भार', 'भरणे', 'भृत्य' हे शब्द त्यावरूनच आले. म्हणजे चोर तो, जो उचलून नेतो. मराठीत भुरट्या चोराला आपण 'उचल्या' म्हणतो, ते याच कल्पनेवरून. बिळांत शिरून ससे हुसकून काढण्यासाठी पाळला जाणारा 'फेरेट' नावाचा मुंगसासारखा लांबट प्राणी आहे, त्याच्या नावातही हाच लॅटिन चोर दडलेला आहे. त्या नावाचा मूळ अर्थ 'छोटा चोर' असा होतो.

आता 'गुप्त' या शब्दाकडे पाहू. संस्कृतात 'गुप्' म्हणजे रक्षण करणे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला 'शाश्वतधर्मगोप्ता' म्हणतो, तिथे 'गोप्ता' म्हणजे रक्षणकर्ता. 'गुप्त'चा पहिला अर्थ 'राखलेले, सांभाळलेले' असा आहे, आणि जे सांभाळायचे ते झाकून ठेवावे लागते म्हणून पुढे त्याला 'लपवलेले' हा अर्थ आला. या शब्दात भीती नाही, घाई नाही, अपराधाची छाया तर मुळीच नाही. गुप्तदान करणारा माणूस कुणाला भिऊन दान करीत नाही. राखणदाराच्या घराण्यातला शब्द घेऊन आपण चोराच्या नजरेचे वर्णन करायला गेलो, म्हणून ते वाक्य खटकले.

हा फरक एका प्रसंगात पाहू. परीक्षा चालू आहे आणि एका विद्यार्थ्याला शेजारच्या बाकावरची उत्तरपत्रिका पाहायची आहे. तो आधी पर्यवेक्षक कुठे उभे आहेत ते बघतो. मग पेन नीट चालत नाही असे दाखवीत ते दोनदा झटकतो. मान जिथल्या तिथे ठेवून फक्त बुबुळे डोळ्यांच्या कोपऱ्यात नेतो, तिथले दोन शब्द टिपतो, आणि लगेच स्वतःच्या कागदावर गरजेपेक्षा जास्त वाकून लिहू लागतो. यात शेजारच्या कागदाकडे पाहणे ही झाली कृती, परंतु ती 'फर्टिव्ह' ठरली ती आजूबाजूच्या तपशिलांमुळे : आधी पर्यवेक्षकांकडे गेलेली नजर, ताठ राहिलेली मान, घाईने परत आलेले डोळे आणि त्यानंतरचे ते जास्तीचे वाकणे. मान वळवून सरळ सरळ कागद पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी 'फर्टिव्ह' म्हणणार नाही. तो निर्ढावलेला असतो.

मराठीत या शब्दासाठी दूर जाण्याची गरजच नाही, कारण आपण हीच कल्पना ह्याच चोरावरून बांधलेली आहे. चोरटी नजर, चोरपावले, चोरून पाहणे, चोरवाट, चोरकप्पा, चोरखिसा असे किती तरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. आणि 'चोराच्या मनात चांदणे' ही म्हण तर 'फर्टिव्ह'च्या अंतरंगाचे वर्णन करायलाच जन्माला आली असावी असे मला नेहमी वाटते. बाहेर काळोख असला तरी चोराला लख्ख चांदणे पडल्यासारखे वाटते आणि आपण सगळ्यांना दिसतो आहोत या धास्तीने तो चपापत राहतो. तेव्हा शब्दकोशाने शेवटी दिलेला प्रतिशब्द आपण पहिला घ्यावा आणि 'त्याने चोरट्या नजरेने दाराकडे पाहिले' असे लिहावे. 'कटाक्ष' शब्दही मी टाळेन, कारण मराठीत त्याला शृंगाराचा किंवा रोखून पाहण्याचा रंग आहे आणि दाराकडे धास्तावून पाहणाऱ्या माणसाला तो शोभत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मराठी 'चोरटा' हा इंग्रजी 'फर्टिव्ह'पेक्षा ऐसपैस शब्द आहे. 'चोरटी आयात', 'चोरटा व्यापार' यांत कुणाची नजर किंवा धास्ती अभिप्रेत नाही. तिथे कायदा चुकवणे एवढाच अर्थ आहे आणि इंग्रजीत त्यासाठी निराळे शब्द आहेत. इंग्रजीतून मराठीत येताना 'फर्टिव्ह'ला 'चोरटा' बहुतेक वेळा चालेल. उलट दिशेने जाताना प्रत्येक 'चोरटा' हा 'फर्टिव्ह' नसतो. तसेच 'अंग चोरून बसणे' यातही 'चोरणे' असले तरी तिथे संकोच असतो किंवा जागेची अडचण असते, पकडले जाण्याची भीती नसते.

प्रश्न : या शब्दाचा उच्चार कसा करावा? 'फ्युर्टिव्ह' असा उच्चार मी ऐकला आहे.

उत्तर : 'फ्युर्टिव्ह' हा उच्चार बरोबर नाही. 'फ्युरी' किंवा 'फ्युरिअस' या शब्दांच्या स्पेलिंगची सुरुवात सारखी असल्यामुळे तो घोटाळा होतो, परंतु या शब्दाचे त्यांच्याशी काही नाते नाही. 'फर्निचर'मधला 'फर्' इथे आहे. ब्रिटिश बोलण्यात त्यातला र ऐकू येत नाही आणि फ लांबतो, अमेरिकन बोलण्यात र स्पष्ट असतो. आघात दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर येतो.

प्रश्न : इंग्रजीत लपवाछपवीसाठी सीक्रेटिव्ह, कव्हर्ट, क्लँडेस्टाइन, सरेप्टिशस, स्टेल्थी असे अनेक शब्द आहेत. विद्यार्थ्यांना शिकवताना मी या सर्वांचा अर्थ 'गुप्त, छुपा' असाच सांगत आलो आहे. यांत खरोखर काही फरक आहे, की ही केवळ शब्दांची श्रीमंती आहे?

उत्तर : फरक आहे, आणि तो विद्यार्थ्यांपर्यंत पोचवता आला तर पोचवावा, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवले की वाक्याचा अर्थच बदलतो. पहिला प्रश्न हा विचारावा की शब्द स्वभावाविषयी बोलतो आहे, योजनेविषयी बोलतो आहे की हालचालीविषयी.

'सीक्रेटिव्ह' हा स्वभाव आहे. त्याचा इतिहासही स्वभावाशीच जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो असे मानणारी फ्रेनॉलॉजी नावाची विद्या युरोपात लोकप्रिय झाली होती, आणि मनातले मनात ठेवण्याच्या वृत्तीला तिने 'सीक्रेटिव्हनेस' हे नाव देऊन कानाच्या वरच्या बाजूला तिची जागाही नेमून दिली होती. ती विद्या खोटी ठरली आणि मागे पडली. 'सीक्रेटिव्ह' हा शब्द मात्र इंग्रजीच्या नित्याच्या वापरात पक्का झाला. मराठीत असा माणूस 'आतल्या गाठीचा' असतो, तो 'ताकास तूर लागू देत नाही'. हे दोन्ही वाक्प्रचार 'सीक्रेटिव्ह'ला इतके चपखल बसतात की 'गुप्तता बाळगणारा' असा कोशातला शब्द घेण्याचे कारण नाही. आतल्या गाठीचा माणूस अगदी स्वस्थ बसलेला असू शकतो, हसून बोलत असतो, त्याची नजर कुठेही भिरभिरत नाही. फक्त त्याच्याकडून काही कळत नाही. फर्टिव्ह माणसाकडून मात्र त्याच्या इच्छेविरुद्ध बरेच काही कळते.

'कव्हर्ट' आणि 'क्लँडेस्टाइन' हे योजनांचे शब्द आहेत. 'कव्हर्ट' म्हणजे मुळात झाकलेले, 'कव्हर' या शब्दाचे भावंड. 'क्लँडेस्टाइन' हा लपून या अर्थाच्या लॅटिन अव्ययावरून आला आहे. अमेरिकी सैन्याच्या परिभाषेत या दोहोंत नेमका भेद केला जातो : ज्या कारवाईत कृत्य दिसले तरी चालेल पण ती कुणी करविली हे कळता कामा नये, ती 'कव्हर्ट', आणि ज्यात कारवाई झाली हेच कुणाला कळू द्यायचे नसते, ती 'क्लँडेस्टाइन'. रोजच्या इंग्रजीत हा भेद इतका काटेकोर पाळला जात नाही. 'क्लँडेस्टाइन'ला मात्र नियम मोडल्याचा वास जवळजवळ नेहमी असतो. युरोपात फार काळ हा शब्द विवाहाच्या संदर्भात गाजला. धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यावाचून परस्पर लावलेले विवाह अवैध असल्याचे कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत जाहीर केले, आणि इंग्लंडमध्ये १७५३ साली अशा विवाहांना आळा घालण्यासाठी जो कायदा झाला त्याच्या नावातच 'क्लँडेस्टाइन मॅरेजेस' हे शब्द होते. अशा विवाहाला मराठीत 'चोरून केलेले लग्न' म्हणता येईल. 'गुप्त विवाह' म्हटले तर त्यातला बेकायदेशीरपणा निसटतो.

'सरेप्टिशस' हा शब्द मला या सगळ्यांत विशेष अभ्यासण्याजोगा वाटतो, कारण त्यातही चोरच आहे. लॅटिनमध्ये 'खालून हिसकावून घेणे', म्हणजे नकळत काढून घेणे, अशा अर्थाचे जे क्रियापद होते त्यावरून तो आला. चर्चच्या कायद्यात सत्य दडवून मिळवलेल्या परवानगीला याच कुळातला शब्द लावीत, आणि धडधडीत खोटे सांगून मिळवलेल्या परवानगीला दुसरा. न सांगणे आणि खोटे सांगणे हे दोन वेगळे दोष आहेत, हे त्या कायद्याने ओळखले होते. आजच्या इंग्रजीत 'सरेप्टिशस' कृत्य ते, जे ज्याच्या बाबतीत घडते त्याला पत्ता लागू न देता सफाईने उरकले जाते. समोरच्याच्या नकळत त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे हे सरेप्टिशस आहे. तसे करताना हात थरथरला, खिशाकडे वारंवार नजर गेली, तर ती नजर फर्टिव्ह. मराठीत पहिल्यासाठी 'नकळत', 'बेमालूमपणे', 'पत्ता लागू न देता' असे शब्द वापरावेत.

'स्टेल्थी' या शब्दात तिसरा चोर आहे, आणि तो अस्सल इंग्रजी आहे. 'हील' म्हणजे बरे करणे यावरून जसा 'हेल्थ' तसा 'स्टील' म्हणजे चोरणे यावरून 'स्टेल्थ'. पूर्वी त्याचा अर्थ सरळ सरळ चोरी असाच होता. आज मात्र त्यातला अपराध गळून गेला असून संथपणा, नेमकेपणा आणि चाहूल लागू न देण्याचे कौशल्य एवढेच उरले आहे. म्हणूनच रडारला सहजासहजी न सापडणाऱ्या विमानांना हा शब्द मिळाला. एफ-११७ हे अमेरिकी विमान १९८१ मध्ये प्रथम उडाले आणि ते अस्तित्वात असल्याची अधिकृत कबुली १९८८ मध्ये दिली गेली. ते विमान स्टेल्थी होते, त्याबद्दल सरकारचे वागणे सीक्रेटिव्ह होते, परंतु त्यातले काहीही फर्टिव्ह नव्हते, कारण विमानाला धास्ती नसते.

वर्गात समजावून सांगायला मांजराचे उदाहरण पुरेसे आहे. पाखरावर झडप घालण्यासाठी दबा धरून पुढे सरकणारे मांजर 'स्टेल्थी' असते. चोरून दूध पिताना प्रत्येक घोटासरशी दाराकडे पाहणारे मांजर 'फर्टिव्ह' असते. आणि आपल्या म्हणीतले डोळे मिटून दूध पिणारे मांजर या दोहोंपैकी काहीच नसते, कारण आपल्याला कुणीच पाहत नाही असा त्याला भरवसा आहे. नेमका तोच भरवसा फर्टिव्ह माणसाला कधी वाटत नाही.

प्रश्न : माझा एक सहकारी अतिशय मितभाषी आहे, स्वतःविषयी चकार शब्द बोलत नाही. त्याच्या शिफारसपत्रात मी त्याच्या इतर गुणांबरोबर 'ही इज समव्हॉट फर्टिव्ह बाय नेचर' असे लिहिले होते. वरिष्ठांनी ते वाक्य काढायला लावले. हा शब्द इतका वाईट आहे का?

उत्तर : वरिष्ठांनी योग्य तेच केले. आपला हेतू चांगला असला तरी त्या वाक्याचा अर्थ 'हा माणूस स्वभावतःच काहीतरी लपवीत असल्यासारखा वागतो' असा होतो, आणि हे वाक्य वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारील की काय लपवतो? मितभाषी माणसासाठी 'रिझर्व्ह्ड' किंवा 'रेटिसंट' हे शब्द आहेत. 'रेटिसंट'चे मूळ गप्प राहण्याच्या लॅटिन क्रियापदात आहे, त्यात कसलाही आळ नाही. ज्याला आपले खासगी आयुष्य खासगी ठेवायला आवडते त्याला 'प्रायव्हेट पर्सन' म्हणतात, आणि तेही सन्मानानेच.

या शब्दाच्या बाबतीत काळजी का घ्यायला हवी हे मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण हा केवळ शिफारसपत्रापुरता विषय नाही. 'फर्टिव्ह' हे विशेषण दिसते समोरच्या माणसाचे, पण त्यात निकाल असतो पाहणाऱ्याचा. कुणी मागे वळून पाहिले, ही झाली घटना. ते चोरट्या नजरेने पाहिले, हे झाले आपले मत. कथेत ते चालते, कारण निवेदकाला पात्राच्या मनातले ठाऊक असते. प्रत्यक्ष आयुष्यात तसे ठाऊक नसते.

न्यूयॉर्क शहरातल्या एका खटल्यात हा शब्द अक्षरशः न्यायालयापुढे आला होता. तिथल्या पोलिसांना रस्त्यावर एखाद्याला संशयावरून थांबवल्यावर एक छापील तक्ता भरावा लागे, आणि थांबवण्याच्या कारणांच्या चौकटींत एक चौकट 'फर्टिव्ह मूव्हमेंट्स', म्हणजे चोरट्या हालचाली, अशी होती. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथे अशा रीतीने लोकांना ४४ लाखांहून अधिक वेळा थांबवण्यात आले आणि त्यांतल्या ८८ टक्के वेळा पुढे ना अटक झाली ना समन्स निघाले. थांबवलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांची संख्या प्रचंड होती. खटल्यात साक्ष देताना एका पोलिसाने चोरट्या हालचालीच्या आपल्या कल्पनेत दिशा बदलणे, अस्वस्थपणे चुळबुळ करणे, खिशात हात घालणे-काढणे, खांद्यावरून मागे पाहणे अशा किती तरी गोष्टी मोजल्या. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण रस्त्याने चालणारा कोणताही माणूस यांतले काही ना काही करीतच असतो, आणि पोलीस आपल्याकडे रोखून पाहताहेत हे कळल्यावर तर निरपराध माणूसही चुळबुळतो. १२ ऑगस्ट २०१३ रोजी न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही कार्यपद्धती ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली, आणि 'फर्टिव्ह मूव्हमेंट्स' ही संज्ञा संदिग्ध आणि व्यक्तिनिष्ठ असल्याचे नोंदवले. एका विशेषणाच्या चौकटीत बरोबरची खूण करून एखाद्या माणसाला भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून उभे करता येत असेल, तर ते विशेषण लिहिण्यापूर्वी थांबून विचार करणे हे प्रत्येक लिहिणाऱ्याचे काम आहे. आपण जे पाहिले ते लिहावे : 'तो बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता', 'त्याने कागद घाईने दुमडला'. निकाल वाचणाऱ्यावर सोडावा.

याचा अर्थ हा शब्द फक्त गुन्ह्यापुरताच आहे असे नव्हे. घड्याळाकडे हळूच पाहणारा सभेतला श्रोता, भेटवस्तूच्या वेष्टनाला बोट लावून पाहणारे मूल, घोळक्यात एकमेकांना शोधणारे प्रेमिक, या सर्वांच्या नजरा इंग्रजीत फर्टिव्ह असू शकतात. तिथे अपराध नावापुरता असतो, पण कुणी पाहील ही भावना असतेच.

प्रश्न : 'फर्टिव्ह सिगारेट', 'फर्टिव्ह जॉय' असे प्रयोगही आढळतात. सिगारेट चोरटी कशी असेल? अशा ठिकाणी मराठीत काय करावे, आणि 'फर्टिव्हली'साठी 'हळूच' चालेल का?

उत्तर : इंग्रजीला विशेषण माणसावरून उचलून वस्तूवर ठेवण्याची सवय आहे. माणूस धास्तावून सिगारेट ओढतो, आणि विशेषण मात्र सिगारेटला लागते. मराठीचा ओढा क्रियेकडे असल्यामुळे आपण ते विशेषण पुन्हा क्रियापदापाशी आणावे म्हणजे वाक्य सरळ होते. 'फर्टिव्ह सिगारेट' म्हणजे चोरून ओढलेली सिगारेट. 'फर्टिव्ह मीटिंग्ज' म्हणजे लपूनछपून घेतलेल्या भेटी. 'फर्टिव्ह जॉय' अधिक अवघड आहे, कारण आनंद ही क्रिया नाही. तिथे 'मनातल्या मनात झालेला आनंद' म्हटले तर धास्ती हरवते आणि 'चोरटा आनंद' म्हटले तर ती टिकते, म्हणून मी दुसरा पर्याय घेईन. मराठी कवितेत 'चोरटा स्पर्श' सहज चालतो, तसा 'चोरटा आनंद'ही कानाला परका वाटत नाही.

'हळूच' मात्र जपून वापरावे. आई झोपलेल्या बाळाच्या अंगावर हळूच पांघरूण घालते. त्यात मृदुपणा आहे, भीती नाही. 'गुपचूप'मध्ये आवाज न करणे आणि वाच्यता न करणे आहे, नजर चुकवणे असेलच असे नाही. 'कावराबावरा'मध्ये भीती आहे, पण काही लपवण्याचा हेतू नाही. 'लपतछपत' हे चालण्या-फिरण्यापुरते उत्तम, पाहण्यासाठी ते बसत नाही. नजरेसाठी 'चोरून' किंवा 'चोरट्या नजरेने', पावलांसाठी 'चोरपावलांनी', हाताने काही उचलायचे किंवा लपवायचे असेल तर 'कुणाचे लक्ष नाही असे पाहून'. हा शेवटचा शब्दसमूह लांब असला तरी तो टाळू नये. 'ही फर्टिव्हली स्लिप्ट द लेटर इंटू हिज पॉकेट' या वाक्याला 'कुणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने पत्र खिशात सरकवले' असे लिहिले की आधी आजूबाजूला फिरलेली त्याची नजरही वाक्यात येते.